खरकट्याची पेटी

स्वयंपाकघरात ओल्या कचऱ्यासाठी प्लास्टिकची एक बादली आणू या, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर माझे सासरे जेवता जेवता थांबले आणि मी घरात हत्ती आणू या म्हटल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

"सुताराच्या घरात प्लास्टिक?" ते म्हणाले. "मी मेल्यावर आणा."

झालं. बादलीचा विषय तिथेच संपला आणि पेटीचा सुरू झाला. आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात सगळ्यांनी मिळून खताचा खड्डा केला होता. कचऱ्याची गाडी ओला कचरा घेईनाशी झाल्यापासून प्रत्येक घराला तो वेगळा साठवावा लागत होता. लोकांनी बादल्या घेतल्या, डबे घेतले. आमच्याकडे बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अडगळीतला जुना पलंग मोडायला काढला.

बाबांनी जन्मभर फर्निचरच्या कारखान्यात कपाटं बनवली. तिथे त्यांना पाठीमागे 'गुण्या' म्हणायचे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. ते कायम त्यांच्या हातात असायचं हे खरं, पण नाव पडलं ते त्यामुळे नाही. माणसंसुद्धा काटकोनात बसतात का, हे ते बघायचे म्हणून. सासूबाई, माझा नवरा, लग्न होऊन आल्यापासून मी, आम्ही सगळे कुठे ना कुठे तिरके निघालेलो आहोत.

घरात त्यांचा एक नियम होता. ताटात काही टाकायचं नाही. वाढून घेतलंत ना, मग संपवा. लाकडाचा तुकडासुद्धा वाया न घालवणारा माणूस, अन्न कसं वाया जाऊ देईल? माझा नवरा लहानपणी भोपळ्याच्या भाजीपुढे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसला होता, ही गोष्ट आमच्याकडे विनोद म्हणून सांगतात. सांगताना नवरा हसतोही, पण भोपळा अजून खात नाही. तो लांब पल्ल्याचे ट्रक चालवतो, महिन्यातून थोडे दिवस घरी असतो. त्यामुळे काटकोनात राहायची जबाबदारी आम्हा दोघींवरच.

आता खरं काय ते सांगून टाकते. माझ्या सासूबाईंना घास गिळता येत नव्हता.

पातळ काही असेल तर जायचं. घट्ट घास मात्र घशाखाली उतरून छातीपाशी अडकायचा. सुरुवातीला ठसका लागायचा. एकदा जेवताना असाच लागला, तेव्हा बाबा म्हणाले, "खाताना लक्ष ताटात ठेव. नीट चावलं की ठसका लागत नाही." त्यानंतर सासूबाईंनी त्यांच्याबरोबर जेवायला बसणंच सोडलं. "तुम्ही बसा, मी मागून जेवते," म्हणायच्या. मागून म्हणजे ओट्याशी उभं राहून. घास चावायचा, त्यातला रस गिळायचा, उरलेला चोथा हळूच तोंडातून काढून कागदात गुंडाळायचा आणि कचऱ्याच्या पिशवीत अगदी तळाशी दडपायचा.

मी हे एकदा पाहिलं, तेव्हा त्यांनी चोरी सापडल्यासारखी मान खाली घातली. "लहान पोरासारखं तोंडातलं काढून टाकते बघ," म्हणाल्या. "कुठल्या तोंडाने सांगू ह्यांना?"

मी औषधाच्या दुकानात काम करते. बाबांना बाजारात जातो सांगून मी सासूबाईंना ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. अन्ननलिका आतून अरुंद झाली असावी, का ते दुर्बिणीने बघितल्याशिवाय कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी एक दिवस दवाखान्यात राहावं लागेल, आणि उशीर करू नका. आम्ही निघताना दारातसुद्धा ते पुन्हा म्हणाले, उशीर करू नका.

पण एक दिवस घरातून नाहीसं व्हायचं म्हणजे बाबांना सांगणं आलं. सासूबाई म्हणाल्या, बघू. पुढच्या आठवड्यात बघू. ह्यांचं ते पेटीचं काम होऊन जाऊ दे, मग बघू. मीही बघू म्हटलं.

पेटीचं काम गॅलरीत चाललं होतं. पलंगाच्या फळ्या करवतून, रंधा मारून बाबांनी अशा गुळगुळीत केल्या की हात फिरवत बसावं. चारी कोपरे एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांनी जोडले, खिळा म्हणून एक नाही. ती नुसती पेटी असती तर माझी काही तक्रार नसती. पण बाबांनी डोकं चालवलं होतं. खरकटं एकावर एक साचलं की कुजतं आणि घाण मारतं, म्हणून पेटीच्या आत त्यांनी एक उथळ खण केला. खणाचा तळ बारीक पट्ट्यांचा, म्हणजे पाणी खालच्या थाळीत गळून जाईल. मागे हवेसाठी भोकं आणि माश्या येऊ नयेत म्हणून त्यांना जाळी. वरून झाकण उघडून खरकटं टाकायचं, समोरून खण ओढून न्यायचा.

सासूबाई चहा द्यायच्या निमित्ताने तिथे घोटाळत होत्या. "अहो, एवढा उघडा खण कशाला? खोल करा की जरा. खोल असला की खाली जाईल सगळं."

"खाली गेलं की कुजणार. तुला कळतं का त्यातलं काही?" बाबा खुशीत होते, त्यामुळे हे त्यांनी प्रेमाने म्हटलं. "सगळं डोळ्यांसमोर पाहिजे. बघ, वासाचं नाव निघणार नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपडे वाळत घालत होते, ते घालत राहिले.

पेटी सिंकच्या शेजारी विराजमान झाली, आणि तिच्याबरोबर नियमही आले. कागदात गुंडाळून काही टाकायचं नाही. ढीग करायचा नाही. पसरायचं, आणि वर रंध्याखालून निघालेला लाकडाचा कीस मूठभर भुरभुरायचा. खण रोज सकाळी बाबा स्वतः खड्ड्यावर नेऊन रिकामा करणार. वास खरंच येत नव्हता, हे मान्य करायला हवं. पण सकाळी खण नेताना ते त्यात डोकावून असे बघायचे, जसे बाकीचे लोक पेपर बघतात. "सालीबरोबर अर्धा बटाटा गेलाय," असं मला ऐकवायचे. "ह्या वांग्याचा देठ केवढा कापलाय!"

सासूबाईंना आता घास टाकायला घरात जागा उरली नाही.

मग आम्ही झाकणाची एक छोटी स्टीलची डबी शोधून काढली. सासूबाई त्यात चोथा साठवायच्या, दुसऱ्या दिवशी मी ती पर्समध्ये घालून न्यायचे आणि दुकानाजवळच्या कचराकुंडीत रिकामी करायचे. लोकांच्या पर्समध्ये लिपस्टिक असते, माझ्या पर्समध्ये सासूचे चावलेले घास. आम्ही दोघी ह्यावर हसायचोसुद्धा. हसता हसता दिवस जात होते आणि सासूबाईंचे कपडे अंगावर लोंबायला लागले होते. त्या आतून पिना लावायच्या. दाराच्या फटीत केसभर अंतर पडलं तर ज्यांना झोप लागत नाही, त्या बाबांना हे दिसत नव्हतं.

एकदा मी डबी ओट्यावरच विसरून कामाला गेले. संध्याकाळी परत आले तर बाबा ती उघडून, समोर टेबलावर ठेवून बसले होते.

"हे काय आहे?"

सासूबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांचे हात पदराशी चाळा करत होते.

"डब्यातलं उरलं होतं," मी म्हटलं.

"उरलं की टाकलं? ही सकाळी उठून तुझा डबा करते, आणि तू ते चिवडून फेकून देतेस? बाहेरचं खात असशील."

मी डबी उचलून धुवायला घेतली. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. वाईट ह्याचं वाटत होतं की ते सासूबाईंच्या कष्टांची बाजू घेऊन माझ्यावर चिडले होते. रात्री सासूबाई मला म्हणाल्या, "माझ्यापायी तुला ऐकून घ्यावं लागलं." मी म्हटलं, "सोडा हो आई, मला काय होतंय." हे बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. किती समजूतदार सून आहे मी! आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

मग त्या रविवारी माझी आई जेवायला आली. तिला सगळे माई म्हणतात. ती आली की बाबा जरा खुलतात, कारण माई त्यांच्या हातच्या वस्तूंचं तोंड भरून कौतुक करते. तिने सासूबाईंना बघताच म्हटलं, "किती वाळलात हो!" सासूबाई म्हणाल्या, "वय झालं आता," आणि आत निघून गेल्या.

पाहुणी असल्यावर मागून जेवते म्हणायची सोय नव्हती. सगळे टेबलाशी बसलो. भात, रस्सा, भाजी, ब्रेड, आणि माईने आणलेली कोंबडी. सासूबाई रश्शात भात कालवून कालवून त्याचं पाणी करत होत्या. माईने आग्रह करून त्यांच्या ताटात मांसाचे तुकडे वाढले. त्यानंतर सासूबाई सारख्या उठायला लागल्या. मीठ आणते. मीठ टेबलावरच होतं. पाणी आणते. तेही होतं. तोंड मिटून त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि लगेच परत येऊन बसायच्या. मला सगळं कळत होतं. मी माईशी मोठमोठ्याने बोलत राहिले.

जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, "माई, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो." आणि ते तिला पेटीकडे घेऊन गेले.

मी मागोमाग धावले, पण त्यांना काय म्हणून अडवणार? त्यांनी झाकणाचं काम दाखवलं, दाते दाखवले, हवेची भोकं दाखवली. माई म्हणाली, "अगंबाई, ह्यात तर मी कपडे ठेवीन!" बाबांनी हसत हसत खण पूर्ण बाहेर ओढला आणि दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर केला.

पांढऱ्या स्वच्छ किसावर चावलेल्या मांसाचे, ब्रेडचे घास पडले होते. एकावर एक नाही, सुटे सुटे, नीट पसरलेले. प्रत्येकावर चिमूटभर कीस भुरभुरलेला होता. तेवढ्या घाईतसुद्धा सासूबाईंनी नियम पाळला होता.

बाबांचं हसू गेलं. "बघा," ते माईला म्हणाले. "बघा तुमच्या लेकीचे प्रताप. तुम्ही प्रेमाने आणलं, आणि तिने तोंडात घालून थुंकलं. रोज चालतं हे. मी बोललो नव्हतो, म्हटलं तुमच्या कानावर कशाला घालायचं."

माईने माझ्याकडे पाहिलं. "का गं?"

सासूबाई दारात होत्या. त्यांचे डोळे मला जे सांगत होते, ते मी मुकाट्याने ऐकलं. "हो," मी म्हटलं. "मीच टाकलं."

"अगं पण का?"

"नाही आवडलं."

माईचा चेहरा पडला. तिने बाबांसमोर हात जोडले. माझ्या आईने, जिने आयुष्यात दुकानदाराला कधी दोन रुपये कमी करायला सांगितलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही, तिने हात जोडले आणि म्हणाली, "आमचंच चुकलं. आम्हीच नीट शिकवलं नाही तिला." मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"तिचं नाहीये ते," सासूबाई म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की बाबांना ऐकूच गेला नाही. त्या पुढे आल्या. "तिचं नाही. माझं आहे. मी टाकलंय."

बाबा वैतागले. "तू मध्ये पडू नकोस. नेहमी तिला पाठीशी घालतेस. तू कशाला टाकशील? इतक्या वर्षांत तू कधी शीत टाकलं नाहीस."

त्यांचा विश्वासच बसला नाही. ह्याचा आम्ही विचारच केला नव्हता. एवढी लपवाछपवी केली, डब्या नेल्या, पिना लावल्या, आणि सांगायची वेळ आल्यावर त्यांना ते खोटं वाटलं. मी बोलायला हवं होतं. डॉक्टरांचं, अन्ननलिकेचं सगळं मला सांगता आलं असतं. पण नुकतंच मी 'मीच टाकलं' म्हटलं होतं.

सासूबाई टेबलापाशी गेल्या. ब्रेडचा एक तुकडा तोडून आणला आणि बाबांच्या समोर उभं राहून तोंडात घातला.

त्या चावत राहिल्या. खूप वेळ चावत राहिल्या. मग त्यांनी गिळला. क्षणभर वाटलं, गेला. मग त्यांचा हात छातीवर गेला, मान पुढे आली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घशातून असा आवाज आला की माई "अहो, अहो" करत त्यांची पाठ चोळायला धावली. सासूबाई सिंकवर वाकल्या. सगळं बाहेर आलं. नळ सोडून त्यांनी आधी सिंक धुतलं, मग तोंड.

बाबा खण धरून उभे होते. तो ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. पट्ट्यांमधून एक एक थेंब फरशीवर पडत होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"थंडी सुरू व्हायच्या आधीपासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

सासूबाईंनी फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागल्या. "तुम्ही रागावला असता."

"आजारपणावर रागावतं का कुणी?"

"ताटात टाकण्यावर रागावता ना," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. आज दूध उशिरा आलं, असं सांगावं तसं सांगितलं.

मग मी बोलले. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. 'उशीर करू नका' हे सांगताना माझी जीभ अडखळली, कारण आम्ही केला होता. बाबांनी विचारलं, "तुला हे माहीत होतं?" आणि मी मान डोलावली. मला तो आरोप डबीवरून झालेल्या आरोपापेक्षा जास्त लागला. ह्या वेळी तो खरा होता. रोज डबी नेण्यापेक्षा एकदा तोंड उघडणं सोपं होतं. पण डबी नेली की सासू दुवा देते, आणि तोंड उघडलं की सासरा भडकतो. मी सोयीचं ते केलं होतं, आणि वर मोठेपणा घेतला होता.

बाबा माईकडे वळले. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. नंतर माझ्याकडे बघून "सूनबाई..." एवढं म्हणाले आणि थांबले. जाऊ द्या बाबा, असं मी म्हणाले असते तर त्यांची सुटका झाली असती. मी म्हटलं नाही. माईनेही म्हटलं नाही.

संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला. ते चिडले, चिडणारच. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या, म्हणाले. बाबा पलीकडे बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "आज रात्री तिला काय चालेल?" मी म्हटलं पातळ सूप. ते उठून स्वतः भाज्या घेऊन बसले. गाजर असं कापलं की प्रत्येक तुकडा एकसारखा. मग मी सगळं शिजवून, घोटून, गाळून घेतलं.

किती महिन्यांनी तरी सासूबाई त्यांच्यासमोर जेवायला बसल्या. बाबांनी स्वतःचं ताट वाढून घेतलंच नाही. त्यांनी वाटी सासूबाईंच्या पुढे सरकवली आणि समोर बसले. सासूबाई चमचा चमचा घेत होत्या. मध्येच थांबायच्या, श्वास घ्यायच्या, छातीवरून हात फिरवायच्या. बाबा एकदा म्हणाले, "सावकाश." एरवी ह्या घरात हा शब्द फक्त लाकूड उचलताना ऐकू येतो.

वाटीत थोडं उरलं, तेव्हा सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांना आणखी जात नव्हतं, ते मला लांबूनही दिसत होतं. त्यांनी वर बाबांकडे पाहिलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "जात नसेल तर टाक. काही होत नाही."

सासूबाईंनी एकदम वाटी उचलली. "नाही, नाही. संपवते ना," त्या घाईघाईने म्हणाल्या. वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि तो शेवटचा घोट तीन वेळा थांबून, छाती दाबून धरून खाली उतरवला.

वाटी घ्यायला बाबांनी हात पुढे केला होता, तो तसाच टेबलावर राहिला. सासूबाईंनी तोंड पुसलं आणि आत काही उरलं नाही हे त्यांना दिसावं म्हणून रिकामी वाटी त्यांच्याकडे कलती करून दाखवली.